पालच्या जंगलात रक्तदाब उतरतो का?

प्रश्न : माझं वय ५४. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मागच्या श्रावणात मित्रांबरोबर सातपुड्यातल्या पालला गेलो होतो. दोन दिवस सुकी नदीच्या काठाने भटकलो. घरी येऊन मोजलं तर बीपी नेहमीपेक्षा कमी! मुलगा म्हणतो, पप्पा, सुट्टी होती म्हणून. मित्र म्हणतो, जंगलाच्या हवेतच औषध असतं. कोणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आधी मुलाचा मुद्दा घेऊ, कारण तो अगदी नेमका आहे. कामाचा ताण नाही, मित्रांची संगत, दिवसभर चालणं, रात्री वेळेवर झोप. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या जंगलाला कसं द्यायचं?

जपानी संशोधकांपुढेही हीच अडचण होती. तिथल्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, या नावाने लोकांना जंगलात बोलवायला सुरुवात केली. तेव्हा पाठीशी लोकांचा अनुभव होता, मोजमाप नव्हतं. ते पुढे झालं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी जपानभरातली २४ जंगलं निवडली होती. प्रत्येक ठिकाणी १२ तरुण नेले. पहिल्या दिवशी सहा जण जंगलात आणि सहा जण जवळच्या शहरात, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. त्यामुळे सुट्टी दोन्हीकडे होती, चालणंही दोन्हीकडे होतं. तरी जंगलातल्या दिवशी लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक साधारण १२ ते १६ टक्क्यांनी कमी भरलं, नाडी मंदावली आणि वरचा रक्तदाब दीड-दोन टक्क्यांनी उतरलेला आढळला. म्हणजे तुमच्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे: सुट्टी वजा केल्यावरही जंगलाच्या नावावर काहीतरी शिल्लक राहतं.

पण किती शिल्लक राहतं, तेही बघा. वरचा आकडा १४० असेल तर दोन टक्के म्हणजे जेमतेम तीन अंक. शिवाय ते सगळे निरोगी तरुण विद्यार्थी होते, तुमच्यासारखे चौपन्न वर्षांचे, गोळी घेणारे गृहस्थ नव्हते. म्हणून पालहून आल्यावर आकडा कमी दिसला तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कमी राहतोय असं वाटलं तर आठवडाभराचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, हे ते ठरवतील.

आता मित्राचं म्हणणं. झाडं कीड-बुरशीपासून बचावासाठी काही उडून जाणारी द्रव्यं हवेत सोडतात. त्यांना फायटोनसाइड म्हणतात. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. चिंग ली यांनी नोकरदार पुरुषांना तीन दिवस जंगलात नेलं आणि त्यांच्या रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी तपासल्या. विषाणू शिरलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या या पांढऱ्या पेशी. त्यांची क्रियाशीलता जवळजवळ निम्म्याने वाढली आणि काही प्रमाणात महिनाभर टिकली. तशीच शहराची सहल केली तेव्हा ती वाढली नाही. माणसं मात्र फक्त १२ होती. रक्तातल्या पेशी वाढल्या म्हणजे आजार टळले, असा हिशोब त्यावरून मांडता येत नाही. जंगलात गेल्याने कॅन्सर बरा होतो असं मोबाईलवर फिरणारं जे काही असतं, ते याच प्रयोगाला ताणून केलेलं आहे. ते पुढे पाठवू नका.

जपानातलं ते जंगल सुगी आणि हिनोकीचं, म्हणजे सूचिपर्णी. आपल्या सातपुड्यात साग, सालई, अंजन, धावडा, मोह, पळस, टेंभुर्णी. तरी गंधाच्या बाबतीत आपलं जंगल गरीब नाही. सालईच्या खोडावर चीर पडली की जो डिंक पाझरतो, त्याच्या तेलात अल्फा-पायनिन असतं, आणि जपानी प्रयोगात मोजलेल्या द्रव्यांमध्ये तेच एक महत्त्वाचं. यावलच्या डोंगरात उन्हं तापल्यावर सालईच्या रानातून चालताना जो धुपासारखा वास नाकात भरतो, तो हाच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हवेतल्या औषधापेक्षा मला डोक्याला मिळणारा विसावा जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळ ३८ शहरी माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना दीड तास गवताळ माळावरून चालवलं, निम्म्यांना वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. माळावरून आलेल्यांच्या मनात तेच तेच काळजीचे विचार घोळणं कमी झालं. मेंदूच्या स्कॅनमध्ये त्या घोळण्याशी जोडलेला भागही शांत दिसला. आणि तो माळ काही घनदाट अरण्य नव्हता: वाळकं गवत, मधूनच एखादं ओकचं झाड. धुळेकरांनी लळिंगचं कुरण डोळ्यांपुढे आणावं. खान्देशात जंगल म्हटलं की लोक थेट सातपुडा गाठतात आणि लळिंगसारखी उघडी रानं जंगलातच धरत नाहीत. मनाच्या विसाव्यासाठी तीही पुरतात.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तो आळशी माणसाला धीर देणारा आहे. २००८ मध्ये मिशिगनमध्ये लोकांना झाडांच्या बागेत आणि शहराच्या रस्त्यांवर चालवून आणलं आणि आकडे उलट क्रमाने म्हणायला लावले. बागेतून आल्यावर ते सुमारे २० टक्के सुधारले. कडक थंडीत गेलेल्यांना त्या फेरीत मजा वाटली नव्हती, तरी सुधारणा तेवढीच झाली. तेव्हा झाडांत गेल्यावर प्रत्येक वेळी आनंदाने उचंबळून यायलाच हवं असं नाही. कंटाळत गेलात तरी लाभ होतो.


प्रश्न : आठवड्याला किती वेळ जायला हवं? आम्हा दुकानदारांना सातपुड्यात जायला वर्षातून एकदाच सवड मिळते.
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यात एकूण १२० मिनिटं झाडा-पाण्याच्या सान्निध्यात घालवणारे लोक स्वतःची प्रकृती आणि समाधान अधिक चांगलं असल्याचं सांगत होते. हे दोन तास एकदम घालवले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. ही पाहणी आहे, प्रयोग नाही. मुळात धडधाकट असलेली माणसंच जास्त फिरतात, असंही असू शकेल. तरी हा आकडा सरावाला चांगला आहे.

वर्षातून एकदा पाटणादेवीला जाणं वाईट नाही, पण त्यावर वर्ष काढता येत नाही. दोन तास आठवड्याला हवेत, तेव्हा जवळची जागा शोधा. जळगावकरांना मोहाडी रस्त्याकडचं लांडोरखोरी वनोद्यान आहे, मेहरूण तलावाचा काठ आहे. धुळेकरांना लळिंग. चाळीसगावकर सगळ्यांत नशीबवान, त्यांना पाटणादेवी तासाभराच्या आत. १९८६ मध्ये घोषित झालेलं गौताळा औट्रमघाट अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचं, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्याच्या कुशीतल्या पाटण्याच्या मंदिरात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या आरंभाचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथातल्या गणितांचा अभ्यास या डोंगराच्या ओढ्याकाठी चालत असे, हे चाळीसगावच्या मुलांना शाळेत ठळकपणे सांगायला हवं.

एक विनंती याच ठिकाणाबद्दल. श्रावणात तिथे स्पीकर घेऊन येणाऱ्या मंडळींनी तो गाडीतच ठेवावा. निसर्गातल्या आवाजांवरच्या जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी २०२१ मध्ये झाली. वाहत्या पाण्याचा आवाज मन प्रसन्न करायला सर्वांत उपयोगी आणि पाखरांचा आवाज ताण उतरवायला, असं त्यात दिसलं. पाटणादेवीच्या धवलतीर्थ धबधब्यापुढे गाणी लावणारा माणूस ज्यासाठी तिथे आला तेच झाकून टाकतो, आणि इतरांचंही.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी एक जुना दाखला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी रॉजर उलरिच यांनी नोंदींवरून जोड्या लावून तपासले. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना सरासरी लवकर घरी सोडलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हे १९८४ मध्ये छापून आलं. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं असेल तर खाट खिडकीकडे सरकवा. समोर लिंब असेल तर उत्तमच.


प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन सातपुड्यात चार दिवस राहायचं म्हणतो. उन्हाळ्यात जंगलात गारवा असतो ना?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : मे महिन्यात नको. पाच खंडांतल्या जंगलांची तपासणी सांगते की झाडांच्या छत्राखाली दुपारचं कमाल तापमान उघड्यापेक्षा सरासरी चार अंशांनी कमी असतं. पण हा गारवा पानांचा. आपलं जंगल शुष्क पानगळीचं. मार्च-एप्रिलमध्ये सागाचं रान निष्पर्ण होतं, खालची जमीन तापते, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना उघड्या सागवनात लहान मुलांना हिंडवणं हे उष्माघाताला बोलावणं आहे. या दिवसांत सावली मिळते ती नाल्याकाठच्या उंबर, जांभूळ, करंजाखाली, आणि एप्रिलच्या सुमारास नव्याने पालवणाऱ्या अंजनाखाली. जायचंच असेल तर पहाटे निघून नऊच्या आत परतायचं.

खान्देशात जंगलाचा खरा हंगाम जुलै ते फेब्रुवारी. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य १९८६ चं. दोन्हीकडे जाताना वनखात्याची रीतसर परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच. पूर्ण बाह्या, मोजे, भरपूर पाणी. आग्या मोहोळाखाली धूर किंवा आरडाओरडा नको. परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहा. आणि दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही रानात जाऊन आलो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली, २०१८ मध्ये नागपूर भागात बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसची. खान्देशात घाबरून जायचं कारण नाही, पण ‘रानात गेलो होतो’ हे एक वाक्य ऐकलं की डॉक्टर योग्य दिशेने तपास करतात.


प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलांना मातीत खेळू द्या म्हणतात ते शास्त्राला धरून आहे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आहे. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांवर प्रयोग झाला. काही बालवाड्यांच्या खडी टाकलेल्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि झुडपं आणून बसवली. अवघ्या २८ दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकाराचा समतोल राखणाऱ्या घटकांमध्ये चांगला बदल दिसला. तुमच्या शाळेचं आवार फरशीचं असेल तर एक कोपरा उखडून तिथे करंज, आपटा, बहावा लावा आणि मुलांना त्याखाली बसू द्या. धनुर्वाताची लस झालेली असावी, खेळून आल्यावर हात धुवावेत, एवढं पाळलं की पुरे.


प्रश्न : जंगल इतकं आरोग्यदायी असेल तर सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी पाड्यांवर कुपोषण का? तिथली मुलं तर जन्मापासून जंगलातच आहेत.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : आजच्या सगळ्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत मोलाचं वाटलं. जंगलाच्या आरोग्यावर लिहिणारे आम्ही बहुतेक जण शहरातून जाऊन येणाऱ्याच्या नाडीबद्दल लिहितो. तिथे राहणाऱ्याच्या ताटाबद्दल लिहीत नाही. वाट नाही, दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले ओलांडता येत नाहीत, ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत स्थलांतर, आणि जोडीला सिकलसेलसारखा पिढ्यांतून येणारा आजार. कुपोषणाची कारणं ही आहेत. फायटोनसाइडने यातलं काहीही भरून निघत नाही.

पण एक कारण थेट जंगलाशीच बांधलेलं आहे: जंगल विरळ झालं की ताटातलं जंगलही जातं. याचा पुरावा धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं छोटं गाव. १९९० च्या सुमारास तिथला डोंगर बोडका झाला होता. झऱ्यांचं पाणी आटलं, बायकांना सरपणासाठी आणि हंड्यासाठी दूर जावं लागे, पुरुष मजुरीला बाहेर. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न जाता गावात राहिले आणि गावाने मिळून ठरवलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड, राखणीला गावचीच माणसं. बांधबंदिस्ती झाली. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल परत उभं राहिलं, विहिरींना पाणी टिकलं, आणि जे गाव पाण्यासाठी वणवण करत होतं ते शेजारच्या गावांना पाणी देऊ लागलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

आरोग्याच्या दृष्टीने बारीपाड्याची जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, ती तिथली वनभाज्यांची पाककला स्पर्धा. बायका रानातून भाज्या आणतात, शिजवतात, मांडतात. करटोली, टाकळा, कुरडू, बांबूचे कोंब, नाना प्रकारचे कंद. शेतात भाजी नसते त्या आषाढ-श्रावणात लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं ताटात येतात ती यातूनच. हे ज्ञान हलकं नाही. काही कंद कापून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढल्याशिवाय खाल्ले तर विषबाधा होते. शेवळा आंबटाशिवाय शिजवला तर घसा खाजतो. शहरातल्या माणसाने पुस्तकातला फोटो पाहून रानभाजी तोडू नये. ज्या बाईने ती आईकडून शिकलेली आहे तिच्याकडून घ्यावी आणि योग्य पैसे द्यावेत.

दुसरं उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या लामकानीचं. डॉ. धनंजय नेवाडकर हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्त-लघवी तपासणारे डॉक्टर. त्यांच्या पुढाकाराने गावाने उजाड डोंगरावर चराई आणि कुऱ्हाड थांबवली, पाणी अडवलं आणि गवताचं कुरण परत आणलं. चारा आला की दूध येतं, पाणी आलं की स्थलांतर घटतं, आणि आई घरी राहिली की मूल वेळेवर जेवतं. प्रयोगशाळेत रोगाचे अहवाल देणाऱ्या माणसाने रोगाचं मूळ डोंगरावर शोधावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सपाटीवरच्या आपण लोकांनीही स्वतःला यातून वेगळं समजू नये. रावेर-यावलची केळी ज्या भूजलावर उभी आहे ते सातपुड्याच्या पायथ्याशी दगड-वाळूच्या बझाडा पट्ट्यात मुरतं. वरचं जंगल पावसाचा जोर मोडतं, माती धरून ठेवतं, म्हणून ते मुरतं. उपसा इतका वाढला आहे की विहिरी आणि बोअर खोल खोल जात आहेत. खान्देशात जंगलाचा आरोग्याला होणारा सर्वांत मोठा लाभ मला विचाराल तर तो हाच: पिण्याचं पाणी, रानातलं अन्न, गावातच काम. पालहून परतलेल्या माणसाचे तीन अंक त्यानंतर येतात.

म्हणून या पत्रांच्या निमित्ताने एकच मागणं आहे. फेब्रुवारी ते मे हा सातपुड्यात आणि गौताळ्यात वणव्यांचा काळ. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवला जातो, कोणी बिडी टाकतं, सहलीची चूल विझवलेली नसते. या महिन्यांत रानात काडी ओढू नका. आणि धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर ताबडतोब कळवा.